शीतवाहतुकीतील दलाल व त्याची जबाबदारी

भिलाईच्या औषधविक्रेत्याला नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने इन्शुलिन आणायचे आहे, असे समजा. ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. तापले किंवा गोठले तर निकामी होते. दलाल शीतवाहन शोधतो व भाडे ठरवतो. वाहन सहसा दुसऱ्याचे असते. मग माल बिघडल्यास जबाबदार कोण?

रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार, स्वतःच्या मालपावतीवर माल स्वीकारणारा दलालही वाहक ठरतो. मात्र वाहकाचा जास्त जोखीम दर देण्याचे आधी स्पष्टपणे मान्य केले नसेल, तर भरपाई सहसा भाड्याच्या दहापटीपुरतीच मिळते. दावा लावण्यापूर्वी, माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून पावती कोणाच्या नावाची आहे ते पाहावे, तिच्यावर मूल्य व तापमान लिहून घ्यावे आणि मालासोबत डेटा लॉगर ठेवावा.