वाचनालयातला क्रमांक आणि यंत्राची शिफारस

आमच्या गावच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कागद चिकटवलेला असे. त्यावर पुस्तक परत करण्याची तारीख आणि शेजारी सभासदाचा क्रमांक. शाळेत असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मला आवडलेल्या बहुतेक पुस्तकांवर २१७ हा क्रमांक आधीच पडलेला असायचा. मग माझी पद्धतच ठरून गेली. पुस्तक हातात घेतलं की पहिलं पान नाही, शेवटचं पान उघडायचं. २१७ दिसला की पुस्तक घरी न्यायचं. हा सभासद कोण, असं मी एकदा ग्रंथपालांना विचारलं. ते म्हणाले, "ते सांगायचं नसतं."

पण हेच ग्रंथपाल मी परत केलेलं पुस्तक पाहून म्हणायचे, "हे आवडलं ना? मग आता हे ने. सुरुवात कंटाळवाणी आहे, पण पन्नास पानं नेटानं वाच." म्हणजे पुस्तक निवडायला माझ्याकडे दोन वाटा होत्या. एक नुसत्या आकड्याची, दुसरी माणसाची. आज इंटरनेटवर आपल्यासमोर जे जे येतं, मग ते संकेतस्थळ असो, बातमी असो, गाणं असो की चित्रफीत, ते या दोन वाटांनीच येतं. यातली कोणती वाट कुठे नेते, हे समजून घ्यायला हवं. कारण आपण काय वाचणार आणि काय पाहणार, याचा निम्माअधिक निर्णय आता आपल्या वतीनं दुसरंच कुणी तरी करत असतं.

सुरुवात माणसांनीच केली. १९९४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या संकेतस्थळांची विषयवार यादी केली. तीच पुढे 'याहू' झाली. त्या यादीत कुठलं स्थळ कुठे बसवायचं, हे माणसं ठरवत. पण संकेतस्थळं हजारांवरून लाखांवर, लाखांवरून कोटींवर गेली. इतकी पानं वाचायला माणसं आणायची कुठून? अखेर २०१४ साली ती यादी बंद झाली.

दरम्यान दुसरी कल्पना पुढे आली होती. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९९२ साली 'टॅपेस्ट्री' नावाची व्यवस्था तयार झाली. ईमेलचा ढीग उपसता उपसता तिथले लोक थकले होते. तेव्हा त्यांनी ठरवलं की ज्यानं पत्र वाचलं त्यानं त्यावर शेरा मारावा आणि इतरांनी त्या शेऱ्यांच्या आधारे आपला ढीग चाळावा. 'अमक्यानं ज्याला उत्तर दिलं, तेवढंच मला दाखव' असं संगणकाला सांगता येई. या पद्धतीला त्यांनी जे नाव दिलं, त्याचा अर्थ 'सहकारानं गाळणं' असा होतो. चाळणी संगणकाची, पण धान्य पारखणारी माणसं. अडचण एकच होती. कुणाच्या पसंतीवर विसंबायचं, हे तुम्हाला आधी ठाऊक असावं लागे.

१९९४ साली 'ग्रुपलेन्स' या प्रकल्पानं ही अडचण दूर केली. वाचकांनी बातम्यांना आणि लेखांना १ ते ५ गुण द्यायचे. आपल्यासारखी आवड कुणाची, हे शोधण्याचं काम संगणकाचं. ते कसं चालतं, हे एका लहानशा हिशेबानं सांगतो.

समजा, अनघा, भास्कर आणि चारू असे तीन वाचक आहेत. अनघानं पाककृतींच्या संकेतस्थळाला ५, क्रिकेटच्या स्थळाला १ आणि ग्रहताऱ्यांच्या स्थळाला ४ गुण दिले. भास्करनं त्याच क्रमानं ५, २ आणि ४ दिले. चारूनं १, ५ आणि २. आता अनघा आणि भास्कर यांच्या गुणांमधला फरक मोजा. एकूण भरतो अवघा १. अनघा आणि चारू यांच्यातला फरक भरतो १०. जुन्या चित्रपटांचं एक स्थळ अनघानं पाहिलेलंच नाही. भास्करनं त्याला ५ गुण दिलेत, चारूनं १. मग अनघाला ते दाखवावं की नाही? संगणक म्हणतो, अवश्य दाखवा. तो चित्रपटही जाणत नाही आणि अनघालाही जाणत नाही. तो फक्त तिचा २१७ शोधून काढतो. प्रत्यक्षात गणित याहून गुंतागुंतीचं असतं, पण गाभा हाच.

वाचक लाखांनी वाढले की प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करणं जड जातं. म्हणून 'अ‍ॅमेझॉन'च्या अभियंत्यांनी प्रश्न उलटा केला. सारखी माणसं शोधण्याऐवजी सारख्या वस्तू शोधायच्या. हे पुस्तक घेणाऱ्यांनी आणखी कुठली पुस्तकं घेतली, याचा तक्ता आधीच तयार ठेवायचा. २००३ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

नेमकं त्याच काळात वाचकांचे समुदायही भरात होते. २००३ साली 'डिलिशस' सुरू झालं. आपल्याला आवडलेल्या पानांच्या खुणा तिथे ठेवायच्या आणि त्यांना आपल्याच शब्दांत लेबलं लावायची. एकाच लेबलाखाली शेकडो अनोळखी लोकांचा शोध एकत्र दिसे. २००४च्या अखेरीस आलेल्या 'डिग'वर तर सरळ मतदान असे. ज्या बातमीला जास्त मतं, ती पहिल्या पानावर. संपादक कुणी नाही, सगळे वाचकच संपादक.

ऐकायला हे छान वाटतं. पण लोकशाहीचे जे आजार, तेच इथेही उद्भवले. 'डिग'च्या पहिल्या पानावर काही मोजक्या, सतत वावरणाऱ्या सभासदांचाच वरचष्मा दिसू लागला. कंपू झाले, एकमेकांना मतं देणं सुरू झालं. २०१० साली कंपनीनं सगळी रचनाच बदलली. ती वाचकांना रुचली नाही आणि ते मोठ्या संख्येनं निघून 'रेडिट'वर गेले. समुदाय म्हणजे माणसं. ती रुसतात आणि उठून जातात. यंत्राच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही.

शिवाय दुसऱ्यांची पसंती आधीच दिसत असली की आपली पसंती आपली राहते का? मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी याचा प्रयोग केला आणि २००६ साली तो 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपरिचित कलावंतांची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीचे आठ स्वतंत्र गटांत वाटलेले होते. त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडाही दिसे. गाणी तीच, पण आठ गटांत लोकप्रिय ठरलेली गाणी वेगवेगळी निघाली. एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात मागे पडलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं नशीब मात्र सुरुवातीच्या चार जणांच्या हाती होतं.

मग यंत्रच बरं, असं म्हणावं का? इथे 'नेटफ्लिक्स'ची गोष्ट आठवते. कोणता प्रेक्षक कोणत्या चित्रपटाला किती तारे देईल, याचा आमचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा, अशी स्पर्धा या कंपनीनं २००६ साली लावली. जगभरचे गणिती कामाला लागले. २००९ साली दोन चमू तंतोतंत बरोबरीत आले आणि ज्यांनी आपलं उत्तर २० मिनिटं आधी पाठवलं, त्यांना बक्षीस मिळालं. गंमत म्हणजे ती विजयी पद्धत कंपनीनं पूर्णपणे कधीच वापरली नाही. पुढे २०१७ साली तर त्यांनी तारेच काढून टाकले. माणूस गंभीर चित्रपटाला पाच तारे देतो आणि रात्री थकून बसल्यावर हलकाफुलका चित्रपट लावतो. यातली खरी आवड कुठली? आपण जे मानतो ती, की आपण जे करतो ती?

यंत्राचा मोठा धोका या प्रश्नातच दडलेला आहे. ते आवड मोजत नाही, मोजता येण्याजोगी खूण मोजतं. आधी गुण मोजले, मग क्लिक मोजले. २०१२ साली 'यूट्यूब'नं किती वेळ पाहिलं, याला महत्त्व द्यायचं ठरवलं. पण रस्त्यावरचं भांडणसुद्धा आपण थांबून पाहतोच. म्हणजे ते आपल्याला आवडलं असं थोडंच असतं? थांबण्यालाच पसंती मानलं, की यंत्र आपल्यासमोर रोज नवं भांडण आणून उभं करतं.

दुसरा धोका खाजगीपणाचा. त्या स्पर्धेसाठी 'नेटफ्लिक्स'नं जवळपास ४ लाख ८० हजार ग्राहकांचे गुण जाहीर केले. नावं काढून क्रमांक घातलेले, अगदी आमच्या वाचनालयातल्यासारखे. टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवून दिलं की इतरत्र उघडपणे लिहिलेल्या चित्रपटांच्या अभिप्रायांशी हे गुण ताडून पाहिले, तर क्रमांकामागचा माणूस ओळखता येतो. आपल्या आवडीनिवडींची यादी म्हणजे एक प्रकारचा अंगठ्याचा ठसाच. ठरलेली दुसरी स्पर्धा कंपनीनं २०१० साली रद्द केली. आमच्या ग्रंथपालांचं "ते सांगायचं नसतं" हे वाक्य किती शहाणपणाचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

या दोन्ही वाटा जोडण्याचा प्रयत्नही झाला. 'स्टंबलअपॉन' हे त्याचं चांगलं उदाहरण. २००१ साली कॅनडात ते सुरू झालं. चांगली पानं सुचवायची सभासदांनी, आवडलं की अंगठा वर, नाही आवडलं की अंगठा खाली. त्यावरून पुढचं पान निवडायचं यंत्रानं. एक कळ दाबली की कधी न ऐकलेलं एखादं संकेतस्थळ समोर उभं राही. २००७ साली 'ईबे'नं ते साडेसात कोटी डॉलरला विकत घेतलं. २०१८ साली ते बंद झालं. आज बहुतेक ठिकाणी शिफारशीचं काम यंत्राकडे आहे आणि माणसांचं काम नकळत खुणा पुरवण्याचं.

तरी मार्ग खुंटलेला नाही. युरोपीय संघानं २०२२ साली केलेल्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना तिथल्या लोकांसाठी निदान एक तरी अशी सोय ठेवावी लागते, की ज्यात शिफारस त्यांच्या व्यक्तिगत माहितीवर बेतलेली नसेल. पण कायद्याची वाट न पाहताही आपण शिफारशीला तीन प्रश्न विचारू शकतो. हे मला कोण सुचवतंय? कशावरून सुचवतंय? आणि मी ते स्वीकारलं तर लाभ कुणाचा? ग्रंथपालांना हे तिन्ही विचारता येत आणि उत्तरही मिळे. "पन्नास पानं नेटानं वाच" हे यंत्र कधी म्हणत नाही. पन्नास पानांचा कंटाळा म्हणजे त्याच्या दृष्टीनं नापसंतीच.

आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. आपल्याला काही चांगलं सापडलं, तर ते का आवडलं, हे दोन ओळींत कुणाला तरी सांगावं. लहान भाषांतलं, लहान विषयांवरचं लेखन अशाच सांगण्यावर तगतं. कारण नव्या लेखनाला अजून कुणी गुणच दिलेले नसतात आणि गुण नाहीत म्हणून यंत्र त्याला पुढे आणत नाही. कुणी तरी पहिला वाचक व्हावं लागतं.

२१७ क्रमांकाचा सभासद कोण, हे मला कधीच कळलं नाही. पण मोठेपणी एकदा त्याच वाचनालयात एक पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावर माझाच जुना क्रमांक होता आणि त्याखाली, बऱ्याच वर्षांनंतरच्या तारखेला, दुसऱ्या कुणाचा तरी. मनात आलं, यानंही शेवटचं पान आधी उघडलं असेल का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)