स्टिअरिंगमधला ‘प्ले’ : दोष नेमका कोठे?

मोटारीचे वजन घटविले की तिचा वेग, तिचे ब्रेक आणि तिचे वळणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुधारतात, असा लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा आग्रह होता. चॅपमन यांचे १९८२ मध्ये निधन झाले. त्यांच्या या विचाराचे शुद्ध रूप मानली जाणारी लोटस एलिस मात्र त्यानंतर चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये रस्त्यावर आली. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात हेथेल येथे तयार होणाऱ्या या दोन आसनी मोटारीचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचे भाग एकमेकांना चिकटवून बनविलेला होता. त्याचे वजन अवघे ६८ किलो, तर सुरुवातीच्या संपूर्ण मोटारीचे सुमारे सव्वासातशे किलो होते. इंजिन आसनांच्या मागे असल्याने पुढच्या चाकांवर भार कमी पडे. त्यामुळे २०२१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत एलिसला पॉवर स्टिअरिंगची गरज भासली नाही.

चालकाचे हात आणि पुढची चाके यांच्यामध्ये पंप नाही, विजेची मोटर नाही. त्यामुळे रस्त्याची प्रत्येक खडबड तळहातांना कळते आणि स्टिअरिंगमध्ये निर्माण झालेला दोषही लवकर कळतो. जड, पॉवर स्टिअरिंग असलेल्या मोटारीत महिनोन्‌महिने दडून राहील असा किंचित ढिलेपणा येथे पहिल्याच वळणावर जाणवतो. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘प्ले’ म्हणतात. हलक्या मोटारीची ही संवेदनक्षमता म्हणजे वेळेवर मिळालेली सूचना असते. प्रश्न एवढाच, की सूचना मिळाली तरी दोषाचे ठिकाण आपोआप कळत नाही.

प्ले म्हणजे काय?

स्टिअरिंग व्हील थोडे फिरविले आणि तरीही चाके जागची हलली नाहीत, तर तेवढे फिरणे म्हणजे प्ले. सरळ रस्त्यावर मोटार भरकटते, एका बाजूला ओढते किंवा विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरते, या तक्रारी वेगळ्या आहेत. भरकटण्यामागे टायरमधील कमी-जास्त हवा किंवा बिघडलेले अलाइनमेंट असू शकते. थरथरीचे कारण बहुधा चाकाचे बिघडलेले बॅलन्सिंग असते. म्हणून कोणताही भाग उघडण्यापूर्वी चारही टायरमधील हवा, टायरची झीज आणि चाकांचे नट तपासावेत. या तपासणीला फारसा खर्च येत नाही आणि कित्येकदा तक्रार येथेच संपते.

थोडा प्ले प्रत्येक मोटारीत असतोच. ब्रिटनमधील ‘एमओटी’ या सक्तीच्या वार्षिक तपासणीत रॅक-पिनियन पद्धतीच्या स्टिअरिंगसाठी मर्यादा ठरलेली आहे. ३८० मिलिमीटर व्यासाच्या स्टिअरिंग व्हीलच्या कडेवर १३ मिलिमीटरपेक्षा अधिक मोकळी हालचाल चालत नाही. अंशांत सांगायचे तर हे साधारण चार अंश होतात. स्पोर्ट्स कारचे स्टिअरिंग व्हील लहान असते. ते ३२० मिलिमीटरचे असेल, तर याच हिशेबाने ११ मिलिमीटर ही कमाल मर्यादा ठरते. ही मर्यादा तपासणीत नापास होण्याची आहे. सुस्थितीतील हलक्या मोटारीत प्ले याहून पुष्कळ कमी असायला हवा.

साखळीची विभागणी

स्टिअरिंग ही एक साखळी आहे. स्टिअरिंग व्हीलपासून दांडा निघतो व युनिव्हर्सल जॉइंटमधून खाली उतरतो. त्याच्या टोकाचे दातेरी चक्र, म्हणजे पिनियन, रॅक नावाची दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकविते. रॅकच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, त्यापुढे टाय रॉड, टाय रॉड एंड आणि अखेर चाकाचा हब अशी रचना असते. प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली, तरी तिची बेरीज हातात येते. उलट एकच सांधा पूर्ण निकामी झालेला असला, तरी हातांना होणारी जाणीव तशीच असते. सबंध रॅक बदलूनही प्ले तसाच राहिल्याच्या तक्रारी यातूनच उद्भवतात.

ही साखळी दुभागून पाहणे हा निदानाचा गाभा आहे. मोटार सपाट जमिनीवर उभी करून चाके सरळ ठेवावीत. एकाने स्टिअरिंग व्हील अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवीत राहावे आणि दुसऱ्याने पुढच्या दोन्ही चाकांकडे पाहावे. पॉवर स्टिअरिंग असलेल्या मोटारीत मात्र हीच चाचणी इंजिन सुरू ठेवून करावी लागते. दोन्ही चाके सारख्याच उशिराने हलत असतील, तर दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे दांडा, युनिव्हर्सल जॉइंट, पिनियन किंवा रॅकची बैठक यांत आहे. एक चाक लगेच हलते आणि दुसरे मागे राहते, असे दिसले तर दोष मागे राहणाऱ्या बाजूच्या सांध्यांत आहे. एका मिनिटाच्या या निरीक्षणाने निम्मी साखळी संशयातून मुक्त होते.

त्यानंतर डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. स्टिअरिंग हलत असताना एकेका सांध्यावर हात ठेवला, की झिजलेल्या सांध्यातील ‘टक’ बोटांना स्पष्ट कळते. रॅकच्या टोकाचा बॉल जॉइंट रबरी बुटाखाली लपलेला असतो. बूट दाबून आतील हालचाल चाचपता येते. स्टिअरिंगचा दांडा फिरतो पण पिनियनचा दांडा फिरत नाही, असे असेल तर मधला युनिव्हर्सल जॉइंट किंवा त्याचा ढिला बोल्ट दोषी असतो. रॅक आपल्या घरासह सरकत असेल, तर बैठकीचे बोल्ट तपासावेत.

जॅकवर घेतल्यावर

पुढची चाके उचलण्यापूर्वी कंपनीने नेमून दिलेल्या जागीच जॅक लावणे आवश्यक असते. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा व फायबरग्लासची बॉडी चुकीच्या जागचा दाब सोसत नाहीत. मोटार भक्कम स्टँडवर टेकविल्याखेरीज तिच्याखाली हात घालू नये.

घड्याळाची तबकडी कल्पून चाक प्रथम तीन व नऊच्या जागी धरून हलवावे. त्या वेळी स्टिअरिंग दुसऱ्याने घट्ट धरलेले असावे. येथे हालचाल आढळली तर टाय रॉडचे सांधे किंवा चाकाचे बेअरिंग संशयित ठरते. मग बारा व सहाच्या जागी धरून चाक हलवावे. येथील हालचाल बेअरिंग किंवा सस्पेन्शनचे बॉल जॉइंट दाखविते. या दोहोंतील निवाडा ब्रेकने होतो. ब्रेक दाबून धरताच हालचाल थांबली तर बेअरिंग, आणि तरीही राहिली तर बॉल जॉइंट.

घट्ट करण्याचा मोह

रॅकवर एक समायोजनाचा स्क्रू असतो. तो आतील पॅडला दाबून रॅक पिनियनवर टेकवून धरतो. प्ले दिसला की हा स्क्रू आवळावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु मोटार बहुतेक वेळ सरळच धावत असल्याने रॅकचे मधले दात सर्वाधिक झिजतात आणि टोकांकडचे जवळजवळ नवे राहतात. मधला ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकू लागते व वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. प्लेपेक्षा हा दोष अधिक घातक आहे. शिवाय मूळ दोष टाय रॉड एंडमध्ये असेल, तर तो झाकला जातो आणि झीज मात्र सुरूच राहते. तो सांधा धावत्या मोटारीत निखळला, तर ते चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही.

मागून येणारी फसवणूक

पुढचे सारे सांधे निर्दोष आढळूनही स्टिअरिंग सैल भासत असेल, तर मागच्या चाकांकडे वळावे. एलिसच्या मागच्या चाकांची दिशा टो लिंक नावाच्या दांड्या स्थिर ठेवतात. ट्रॅकवर वारंवार धावणाऱ्या मोटारींत या दांड्यांचे आतले बॉल जॉइंट झिजतात. म्हणून अनेक मालक तेथे अधिक मजबूत भाग बसवून घेतात. हा सांधा ढिला झाला, की वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मागचे चाक किंचित दिशा बदलते आणि चालकाला वाटते, स्टिअरिंगच ढिले आहे. मागची चाके वळण्यासाठी नसतातच. त्यामुळे तीन-नऊच्या चाचणीत ती जराही हलली, तर मोटार दुरुस्त होईपर्यंत बाहेर काढू नये.

झिजलेला भाग बदलल्यावर नवे सेल्फ-लॉकिंग नट वापरणे, ते ठरवून दिलेल्या टॉर्कनेच आवळणे आणि अखेर व्हील अलाइनमेंट करून घेणे अपरिहार्य आहे.

भारतीय रस्त्यांवर एलिस क्वचितच दिसते. परंतु आपल्याकडील छोट्या मोटारींतही रॅक-पिनियनचीच साखळी असते, आणि खड्डे तिची झीज वेगाने करतात. मेकॅनिकने ‘रॅक गेला’ असे सांगितल्यास ‘दोन्ही चाके उशिरा हलतात की एकच?’ हा साधा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाकिटाला हात घालू नये आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत मोटार महामार्गावर नेऊ नये.