फोर्कलिफ्टवरची रोजी : आज काम आहे, उद्याचे काय?

दहावीचा निकाल लागला की पालक मुलाला घेऊन आम्हा शिक्षकांकडे येतात. पूर्वी त्यांचा प्रश्न ठरलेला असे : आयटीआयला घालावे की मामाच्या दुकानात बसवावे? अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. फोर्कलिफ्ट चालवायला थोड्या दिवसांत शिकवतात आणि लगेच काम मिळते म्हणे, मग मुलाला त्यात घालावे का? लगेच दुसरी शंकाही निघते : ही गाडी आता ड्रायव्हरशिवाय चालणार आहे, हे खरे का?

दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. काम मिळते हे खरे आणि ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी आली आहे हेही खरे. म्हणूनच घरातल्या मोठ्यांनी या हुनराकडे नीट पाहण्याची गरज आहे.

जालन्यात हे काम कुठे आहे?

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण त्याची व्यापारी ओळख त्याहून जुनी आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या घराघरांत बोलली जाते. आज शहराची ओळख दोन गोष्टींवर उभी आहे : लोखंडी सळई आणि बियाणे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळाले. त्यांच्या मागोमाग बियाण्यांच्या अनेक कंपन्या आणि गोदामे या भागात आली.

स्टील कारखान्यात अवजड माल उचलायला वरची क्रेन आणि हायड्रा असते. फोर्कलिफ्ट दिसते ती स्टोअरमध्ये, सुटे भाग हलवताना. बियाण्यांच्या गोदामात मात्र तिच्याशिवाय पान हलत नाही. गोण्या आणि खोकी लाकडी पॅलेटवर रचायची, ती उचलून उंच थप्पी लावायची आणि खरिपाच्या तोंडावर ट्रक भरायचे, हे सगळे तीच करते. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची एक गाठ १७० किलोची असते. अशी गाठ पाठीवर घेणारा माणूस चाळिशीत कमरेने जातो.

यात आता रस्त्याची भर पडली आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे. शहराजवळ दरेगाव शिवारात ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली होती. जिथे रस्ता, रेल्वे आणि गोदाम एकत्र येतात, तिथे माल उचलणाऱ्याची गरज पडतेच.

लिव्हर ओढणे म्हणजे हुनर नव्हे

फोर्कलिफ्ट लांबून सोपी दिसते. पण ती मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळणावर तिची शेपटी बाहेर फेकली जाते. मोटार चालवता येणारा मुलगाही पहिल्या दिवशी भिंतीला किंवा माणसाला धक्का देऊ शकतो.

प्रत्येक गाडीवर क्षमतेची पाटी असते. गाडी तीन टनांची आहे म्हणजे ती कोणताही तीन टनांचा माल उचलेल असे नाही. मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून किती अंतरावर आहे, हेही त्या पाटीवर दिलेले असते. माल पुढे सरकला किंवा फार उंच गेला की गाडीचा तोल ढळतो. माल घेऊन चालताना काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचे. भरलेली गाडी उतारावरून उलटी उतरवायची, म्हणजे माल चढाच्या बाजूला राहतो. आणि गाडी कलंडू लागली तर बाहेर उडी मारायची नाही. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे आणि कलत्या बाजूच्या उलट झुकावे. उडी मारणारा बहुधा गाडीच्याच छताखाली सापडतो.

रमजानबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. सेहरीसाठी उठून पुन्हा झोप न झालेल्या मुलाने सुपरवायझरला तसे स्पष्ट सांगावे. डुलकीचा एक क्षण खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या मजुराच्या जिवावर बेतू शकतो.

आधी पाठ, मग काटा

फोर्कलिफ्ट आली तेव्हा तीही कुणाची तरी रोजी घेऊनच आली होती. गोण्या वाहणाऱ्या हमालांचे काम तिने कमी केले. त्या हमालांची हकिकत महाराष्ट्राने विसरू नये. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या माथाडींना संघटित केले आणि १९६९ मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला. ज्यांचा मालक रोज बदलत असे, ज्यांचे नाव कोणत्याही वहीत नसे, त्यांची मंडळात नोंद होऊ लागली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला.

या हकिकतीतून आम्ही एक धडा घेतो. यंत्र येणे कुणाच्या हातात नसते, पण ते आले तेव्हा ज्याचे नाव कागदावर होते, त्याला बोलण्याची जागा मिळाली.

ड्रायव्हरशिवाय गाडी कुठे चालते?

जमिनीत पुरलेल्या तारेच्या मागाने चालणारी गाडी अमेरिकेत १९५० च्या दशकातच आली होती. आजच्या गाड्या लेझरने भिंती आणि रॅक ओळखून वाट काढतात. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किव्हा ही गोदामातले रोबो बनवणारी कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली आणि जगभरच्या गोदामांचे चित्र पालटू लागले. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१९ मध्ये बेंगळुरूच्या केंद्रात पार्सले वेगळी करायला रोबो लावले.

पण अशा गाडीला काही गोष्टी लागतातच : सपाट फरशी, एकसारखे पॅलेट, ठरलेला रस्ता, चांगले नेटवर्क आणि वर्षभर पुरेल इतके काम. आपल्या अनेक गोदामांत फरशीला खड्डे असतात, गोणी एका बाजूला झुकलेली असते, पॅलेटची फळी तुटलेली असते आणि बियाण्यांची गर्दी हंगामापुरती असते. अशा ठिकाणी माणसाची नजरच कामी येते. त्यामुळे जालन्यातला ऑपरेटर उद्या सकाळी घरी बसेल, असे आम्हाला वाटत नाही.

मात्र मोठमोठी नवी गोदामे बांधली जातील, तेव्हा ती सपाट फरशीचीच असतील. ‘इथून उचल, तिथे ठेव’ हे एकसुरी काम तिथे आधी यंत्राकडे जाईल. आज अठरा वर्षांच्या मुलाला अजून चाळीस वर्षे कमवायचे आहे. त्याच्या उमेदीच्या काळात हा बदल येणार हे धरून चालावे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये हजारो गोदी कामगारांनी तीन दिवस संप केला, त्यात पगाराबरोबर ऑटोमेशन हाही मोठा मुद्दा होता. म्हणजे ही काळजी एकट्या जालन्याची नाही.

दोन वर्षे वाया घालवू नका

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. दहावी झालेला मुलगा सोळा वर्षांचा असतो. अठरा पूर्ण झाल्याशिवाय कोणताही जबाबदार कारखानदार त्याला फोर्कलिफ्टवर बसवत नाही, बसवूही नये. मधली दोन वर्षे हमालीत किंवा मोबाइलवर घालवण्यापेक्षा आयटीआयमध्ये घालवावीत. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम बरोबर दोन वर्षांचा आहे, मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा. डिझेलच्या फोर्कलिफ्टची जागा बॅटरीवरची गाडी घेत आहे. बॅटरी, चार्जर, वायरिंग आणि हायड्रॉलिक कळणारा मुलगा गाडी चालवेलही आणि बिघडली तर हातही लावेल. उद्या ड्रायव्हरशिवायची गाडी आली तरी ती अडते, तिचा सेन्सर धुळीने भरतो, तिला दुरुस्ती लागते. त्या वेळी याच मुलाला हाक मारली जाईल.

जो आधीच गाडीवर बसला आहे, त्याने गोदामातला संगणक शिकून घ्यावा. कोणता लॉट कुठे ठेवला, बारकोड कसा वाचायचा, स्टॉकची नोंद कशी करायची हे रोज एक तास दिले तरी काही महिन्यांत जमते. आमची उर्दू माध्यमाची मुले स्क्रीनवरची इंग्रजी पाहून बिचकतात. त्यांना आम्ही हजरत जैद बिन साबित (र.अ.) यांचे उदाहरण देतो. प्रेषितांनी (स.) गरज ओळखून त्यांना परकी भाषा शिकायला सांगितली आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली. गरजेची विद्या शिकणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

कागद जपा

यातले बरेच ऑपरेटर ठेकेदाराकडे असतात. पगार हातात मिळाला की घरचे खूश होतात, कागद कुणी मागत नाही. इथेच नुकसान होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवे. औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कामगाराला कपातीत काढले तर मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची. कपातीची नुकसानभरपाई वेगळी. रक्कम मोठी नाही, पण नवे काही शिकण्याच्या काळात घरखर्चाला तिचा आधार होतो.

आपण कामावर होतो हे सिद्ध करता आले तरच हा हक्क बजावता येतो. म्हणून नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, पीएफचा यूएएन क्रमांक, ईएसआय कार्ड आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवावे. ही फाइल अम्मीच्या कपाटात असली तर उत्तमच. घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, अशी शिकवण आपल्या दीनने मालकाला दिली आहे. ती मजुरी मोजून, लिहून घेण्यात मजुराने संकोच करू नये.

मुलींचाही विचार करा

केरळमध्ये विझिंजम हे देशातले पहिले अर्धस्वयंचलित बंदर आहे. २ मे २०२५ रोजी त्याचे लोकार्पण झाले. तिथे कंटेनर उचलणाऱ्या क्रेन नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसून चालवल्या जातात आणि हे काम जवळच्या मच्छीमार वस्त्यांतल्या तरुणीही करतात. उन्हात उंच चढावे लागत नाही आणि अंगमेहनतीची ताकदही लागत नाही. लागतो तो अभ्यास आणि एकाग्रता. आमच्या वर्गात या दोन्ही बाबतींत मुली बहुधा पुढेच असतात. यंत्र एक दार बंद करत असेल, तर दुसरे आपल्या मुलींसाठी उघडतही आहे. त्या दारापर्यंत पोहोचायला त्यांना बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण करू द्यावा लागेल.

हजरत दाऊद (अ.स.) आपल्या हाताच्या कमाईवर जगत. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि ते त्यापासून चिलखते घडवत, असे कुरआनात आले आहे. लोखंडाच्या या शहरात फोर्कलिफ्टवर बसणाऱ्या मुलाची रोजी तितकीच इज्जतीची आहे. तेव्हा पालकांना आमचे उत्तर असे : मुलाला या कामात जरूर घाला, पण आधी आयटीआय पूर्ण होऊ द्या. पहिल्या पगारातून मोटारसायकलचा हप्ता सुरू करण्याआधी पुढच्या शिक्षणासाठी काही रक्कम बाजूला काढा. आणि दर सहा महिन्यांनी त्याला विचारा, या काळात नवीन काय शिकलास?