कानात बसवलेली चिप नसेला इजा न करता वीज कशी देते?

ज्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही, अशा अनेक मुलांच्या कानात शस्त्रक्रिया करून 'कॉक्लिअर इम्प्लांट' बसवलं जातं. हे उपकरण आवाज मोठा करत नाही. ते आवाजाचं विजेच्या ठोक्यांत रूपांतर करून थेट श्रवण नसेला देतं, तेही सेकंदाला शेकडो वेळा आणि वर्षानुवर्षं. मग नसेला इजा का होत नाही?

धोका कशाचा?

शरीरातला द्रव खारट असतो. कानातल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून वीज सतत एकाच दिशेने वाहिली, तर पाण्याचं विघटन होतं, आसपासची आम्लता बदलते आणि धातू विरघळू लागतो. जवळच्या पेशींसाठी हे घातक असतं.

म्हणून प्रत्येक ठोक्याचे दोन भाग असतात. पहिला नसेला उद्दीपित करतो. दुसरा उलट दिशेने वाहून तेवढाच विद्युतभार परत घेतो. जितकं दिलं, तितकं काढून घ्यायचं.

हिशेब किती काटेकोर?

समजा, १ मिलिअँपिअर प्रवाह २५ मायक्रोसेकंद दिला. विद्युतभार झाला २५ नॅनोकूलॉम. परत घेताना फक्त १ टक्का चूक झाली आणि सेकंदाला ९०० ठोके असले, तर सरासरी २२५ नॅनोअँपिअर प्रवाह एकाच दिशेने वाहत राहील. कानासाठी सुरक्षित मर्यादा साधारण १०० नॅनोअँपिअर मानली जाते. म्हणजे १ टक्का चूकही परवडत नाही. अडचण अशी की चिपवरचे दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात.

चिप काय करते?

• ठोक्याच्या दोन्ही भागांसाठी एकच प्रवाहस्रोत वापरता येतो. स्विच फक्त दिशा उलटवतात.

• दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात, त्यामुळे उरलेला भार निघून जातो.

• वाटेत कपॅसिटर बसवला जातो. चिप बिघडली तरी तो एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहू देत नाही.

पुढचं आव्हान

हे कपॅसिटर जागा खातात. कानात साधारण २२ इलेक्ट्रोड असतात, तिथे ते मावतात. दृष्टिपटलावरच्या इम्प्लांटला शेकडो इलेक्ट्रोड हवेत, तिथे ते मावणं कठीण. कपॅसिटर काढले, तर सुरक्षिततेची सगळी जबाबदारी चिपच्या अचूकतेवर येते.