समान काम, समान दाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मालकाला दोन सरकारांचे कायदे पाळावे लागतात. एक वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती सरकारचे व दुसरे आपल्या घटकराज्याचे. स्त्रीपुरुषांच्या वेतनाच्या बाबतींत या दोहोंचें नातें पाहण्याजोगें आहे.

मध्यवर्ती समान वेतन कायद्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं १९६३ सालीं सही केली. एकाच ठिकाणच्या कारखान्यांत वा कचेरींत कौशल्य, श्रम, जबाबदारी व कामाची परिस्थिति सारखी असेल, तर स्त्रीला पुरुषाइतकेंच वेतन मिळालें पाहिजे, हें त्याचें सार. ज्येष्ठता, गुणवत्ता, कामाचें प्रमाण वा प्रत, अथवा स्त्रीपुरुषभेदाखेरीज अन्य कोणतेंही कारण, या चार सबबींवर मात्र फरक चालतो. तथापि फरक मिटविण्यासाठीं कोणाचेंही वेतन कमी करतां येत नाहीं. कमी असेल त्याचेंच वाढवावें लागतें.

हा कायदा म्हणजे घराचें जोतें. राज्याचा कायदा याहून उदार असूं शकतो. कृपण असला तरी मालकाची सुटका होत नाहीं.

पण जोतें भक्कम असून भागत नाहीं. अलाबामा राज्यांत लिली लेडबेटर या बाई एकोणीस वर्षें टायरच्या कारखान्यांत होत्या. अखेरीस त्यांचा मासिक पगार ३,७२७ डॉलर होता. त्याच हुद्द्यावरील सर्वांत कमी पगाराच्या पुरुषास ४,२८६ डॉलर मिळत. हें त्यांना कळलें एका निनावी चिठ्ठीवरून! १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखालीं त्या झगडल्या. पण २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, तक्रारीची १८० दिवसांची मुदत टळली, असा पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला. २००९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक अपुऱ्या पगाराबरोबर मुदत नव्यानें सुरू होऊं लागली. अलाबामानें स्वतःचा कायदा केला तो २०१९ सालीं.

न कळणें हेंच अन्यायाचें मूळ, हें ओळखून कांहीं राज्यें पुढें गेलीं. २०१६ पासून कॅलिफोर्नियांत काम तंतोतंत समान नसलें, बहुतांशीं सारखें असलें, तरी पुरतें; एकाच ठिकाणाची अटही गेली. मॅसॅच्युसेट्समध्यें २०१८ पासून नोकरी देऊं करण्यापूर्वीं उमेदवाराला मागील पगार विचारतां येत नाहीं. एका नोकरींतील तोटा दुसरींत चिकटूं नये, हा हेतु. कोलोरॅडोंत २०२१ पासून जाहिरातींतच पगार सांगावा लागतो.

लेडबेटरबाईंना जें चिठ्ठीवरून कळलें, तें आतां तेथें उमेदवाराला अर्ज करण्यापूर्वींच कळतें. हक्क कायदा देतो खरा. पण आपल्याला कमी मिळत आहे हें ज्याला ठाऊक, तोच तो मागूं शकतो.