उभ्या चौकटीत गोंदेश्वर

सिन्नरचे गोंदेश्वर हे पंचायतन: मधोमध शिवाचे मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणेश. आडव्या चित्रफितीत हा मेळ मावतो. मोबाइलसाठी १६:९ची फीत पूर्ण उंची राखून ९:१६ केली, की रुंदीचे जेमतेम ३२ टक्के उरतात. कोणते, हे आता यंत्र ठरवते. गूगलने २०२० साली खुले केलेले ऑटोफ्लिप आधी दृश्यागणिक तुकडे पाडते, त्यांत चेहरे व वस्तू हुडकते. मग चौकट स्थिर ठेवायची, सरकवायची की कुणाचा माग काढायचा, हे ठरवते. हवे ते मावेनाच, तर वरखाली पट्टे सोडते.

कीर्तनकार एकटेच बोलत असतील, तोवर हे ठीक. पण मागे टाळकऱ्यांची ओळ असते, मृदंगी असतो. कीर्तन त्यांच्या जिवावर रंगते आणि उभ्या चौकटीत नेमके तेच कापले जातात. देवळाला तर चेहराच नाही! समोरून एखादा पाहुणा चालत गेला, तर चौकट त्याच्यामागे जाण्याचा संभव अधिक. प्रीमिअर प्रोमधल्या ऑटो रीफ्रेमची चौकट नंतर हाताने सरकवता येते, एवढी सोय आहे. जागा वाचवायला मूळ फीत पुसली, तर मात्र ते ६८ टक्के गेलेच.