इंग्रजीतला ‘ला’ कुठे गेला?



‘सर, प्लीज एक्सप्लेन मी धिस सम.’ हे वाक्य वर्गात नेहमी कानावर पडते आणि उत्तरपत्रिकेतही उतरते. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण परीक्षक गुण कापतात. ही चूक आळसाची नाही. ‘सर, मला हे गणित समजावून सांगा’ या आपल्या वाक्यातूनच ती जन्मते. म्हणून आधी मराठीकडे पाहू.

‘आईने मुलाला भाकर दिली.’ दिली ती भाकर, म्हणून भाकर हे प्रत्यक्ष कर्म. मिळाली मुलाला, म्हणून मुलगा हे अप्रत्यक्ष कर्म. अशी दोन कर्मे घेणाऱ्या क्रियापदाला द्विकर्मक म्हणतात. देणे, सांगणे, विचारणे, शिकवणे, दाखवणे ही त्यांतली रोजची. ‘भाकर आईने मुलाला दिली’ असे म्हटले तरी घोटाळा होत नाही, कारण कोणाला मिळाली हे ‘ला’ सांगतो. तेलुगूत ‘नाकु पुस्तकम् इव्वु’ म्हणतात. तिथे हेच काम ‘कु’ करतो. हिंदी-उर्दूत ‘को’ आहे. पैनगंगेकाठच्या आपल्या भीमपूरच्या मुलांना हे सारे ऐकूनच येते.

इंग्रजीलाही एके काळी असे विभक्तीचे प्रत्यय होते. मध्ययुगात ते झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेकडे आले. ‘शो द टीचर द बॉय’ म्हणजे मास्तरांना मुलगा दाखव, आणि ‘शो द बॉय द टीचर’ म्हणजे मुलाला मास्तर दाखव. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ उलटा! इंग्रजीतला ‘ला’ असा जागेत लपला आहे.

त्यावरून दोन रीती लक्षात ठेवाव्यात.

पहिली रीत: क्रियापदानंतर लगेच व्यक्ती, मग वस्तू. मध्ये ‘टू’ नको. ‘गिव्ह मी द बुक.’

दुसरी रीत: आधी वस्तू, मग ‘टू’ आणि व्यक्ती. ‘गिव्ह द बुक टू मी.’

या दोन्हींची खिचडी करून ‘गिव्ह टू मी द बुक’ असे लिहू नये. वस्तूसाठी ‘इट’ वापरायचे असेल तर दुसरी रीत बरी: ‘गिव्ह इट टू मी.’ सेंड, शो, टेल, टीच, लेंड ही क्रियापदे ‘गिव्ह’प्रमाणेच चालतात.

काही क्रियापदांना दुसऱ्या रीतीत ‘टू’ऐवजी ‘फॉर’ लागतो. ‘बाबांनी मला सायकल घेतली’ हे ‘फादर बॉट मी अ बायसिकल’ किंवा ‘फादर बॉट अ बायसिकल फॉर मी’ असे होईल. मराठीत ‘मला’ आहे म्हणून ‘टू मी’ लिहिले की चुकते. वस्तू नुसती पोचवायची असेल तर ‘टू’. कोणासाठी विकत घ्यायची, बनवायची किंवा शोधायची असेल तर ‘फॉर’. बाय, मेक, कुक, फाइंड ही या गटातली.

आता ‘एक्सप्लेन’. या क्रियापदाला पहिली रीत चालतच नाही. ‘एक्सप्लेन धिस सम टू मी’ असेच म्हणावे लागते. सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट यांचेही तसेच. गिव्ह, टेल, शो हे इंग्रजीचे जुने, घरचे, आखूड शब्द आहेत. एक्सप्लेन, डोनेट हे लॅटिनकडून आलेले लांब शब्द. घरचे शब्द दोन कर्मे सहज घेतात, बाहेरून आलेले बहुधा घेत नाहीत. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ हे अपवाद. विश्वस्त मंडळींनी आभारपत्र लिहिताना ‘गेव्ह द स्कूल अ कॉम्प्युटर’ लिहिले तर बरोबर, पण ‘डोनेटेड द स्कूल अ कॉम्प्युटर’ चूक. तिथे ‘डोनेटेड अ कॉम्प्युटर टू द स्कूल’ हवे.

‘तो मला म्हणाला’ याचे ‘ही सेड मी’ करू नये. ‘ही टोल्ड मी’ किंवा ‘ही सेड टू मी’ म्हणावे. ‘मला विचार’ म्हणजे ‘आस्क मी’. ‘आस्क टू मी’ नव्हे.

दहावीच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. प्रयोग बदलताना मराठीत ‘मला पुस्तक देण्यात आले’ यातला ‘मला’ तसाच राहतो. इंग्रजीत मात्र ज्याला मिळाले तोच कर्त्याच्या जागी जाऊन बसतो: ‘आय वॉज गिव्हन अ बुक.’ ‘अ बुक वॉज गिव्हन टू मी’ हेही शुद्धच आहे.

पालकांसाठी दोन शब्द. 2022 मध्ये तेलंगण सरकारने सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर घरी मराठी बोलल्याने मुलांचे इंग्रजी बिघडेल, ही भीती वाढली आहे. ‘एक्सप्लेन मी’ ही चूक तेलुगू आणि हिंदी बोलणारी मुलेही करतात. मराठी सोडल्याने ती जाणार नाही. उलट ज्याला मराठीत ‘कोणाला?’ आणि ‘काय?’ हे दोन प्रश्न विचारता येतात, त्याला दोन्ही कर्मे चटकन सापडतात. मग ती इंग्रजीत कोठे ठेवायची एवढेच शिकायचे उरते. म्हणून घरी मराठी खुशाल बोलावी. फक्त नीट, पूर्ण वाक्यात बोलावी.

मित्रांनो, पुढील वाक्यांचे इंग्रजी करा. आधी ‘ला’ किंवा ‘ना’ खाली रेघ ओढा, मग लिहा.

1. आजीने आम्हाला गोष्ट सांगितली.
2. मला तुझ्या गावाचे वर्णन करून सांग.
3. ताईने मला चहा केला.

पहिल्यात ‘टेल’, दुसऱ्यात ‘डिस्क्राइब’, तिसऱ्यात ‘मेक’ वापरा. जिथे दोन्ही रीती चालतील तिथे दोन्ही लिहा. एका वाक्यात एकच रीत चालेल. ते वाक्य कोणते, हे तुम्हीच शोधा आणि आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांना वही दाखवा.